बोट : अनधिकृत खरेदी व आयात

सरकारी नोंदणी, सीमाशुल्क आणि पक्की पावती यांना बगल देऊन बोट, तिचा सांगाडा किंवा इंजिन विकत घेणे अथवा परदेशातून आणणे. अशा व्यवहारात बोट स्वस्त पडते. पण मालकी, कायदा, विमा आणि पाण्यावरची सुरक्षितता या चारही बाबतींतला धोका विकणाऱ्याकडून घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

मराठवाड्यातील संदर्भ : हा विषय फक्त किनारपट्टीचा नाही. लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुक्यात रेणा नदीवर भंडारवाडी येथे मध्यम प्रकल्प आहे. धनेगावचे मांजरा धरण जवळच आहे, तर नांदेडला गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प आहे. या पाण्यावर मासेमारी चालते, पूर आला की बचावासाठी बोट लागते आणि नदीपात्रात वाळूउपशाला इंजिन बोटी वापरल्या जातात. ऑगस्ट 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली, तेव्हा बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. अशा अनुभवानंतर गावात स्वतःची बोट असावी असे वाटणे अगदी रास्त आहे. मात्र बोटींची नोंदणी पाहणाऱ्या महाराष्ट्र सागरी मंडळाची (स्थापना 1996) प्रादेशिक बंदर कार्यालये वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला अशी कोकणपट्टीत आहेत. रेणापूर-नांदेडच्या माणसाला कागद कुठे करायचे हेच नीट ठाऊक नसते. ही उणीव दलाल हेरतो आणि ‘कागदाचं मी बघतो’ म्हणत विसार घेऊन जातो.

अनधिकृत मार्ग : बोट हातोहात विकली जाण्याच्या तीन वाटा ठळक आहेत. पहिली, आधीच्या मालकाच्या नावावर नोंदच नसलेली बोट स्टॅम्प पेपरवर लिहून देणे. नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. दुसरी, गुजरातमधील अलंग येथे मोडीत काढलेल्या जहाजांवरच्या जीवरक्षक नौका आणि इंजिने. हा बाजार उघड आहे आणि पावती घेतली तर माल रीतसरही मिळतो. पण ही नौका संकटाच्या वेळी पाण्यात सोडण्यासाठी बनवलेली असते. रोजची मासेमारी वा प्रवासी फेऱ्या तिच्याकडून करून घेण्याआधी तिची तपासणी व्हायलाच हवी. तिसरी, ‘कस्टमने सोडवलेली परदेशी बोट’ म्हणून होणारी विक्री. सीमाशुल्क विभाग जप्त माल विकतो तो एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून, आणि लिलावात घेणाऱ्याकडे त्याचे कागद असतात. ते दाखवता येत नसतील तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कायदेशीर धोके : अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 ने 1917 चा जुना कायदा रद्द केला. नद्या आणि जलाशयांवर चालणाऱ्या यांत्रिक बोटींना या कायद्याने तपासणी, नोंदणी, विमा आणि प्रशिक्षित चालक बंधनकारक केले. एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते, म्हणून ‘परराज्यातली बोट आहे, इथे नोंद होत नाही’ ही सबब टिकत नाही. मासेमारी नौकांची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली होते. जलाशयात बोट उतरवायची तर जलसंपदा विभागाची परवानगी आणि मासेमारीसाठी तलावाचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेशी संबंध या बाबी त्याहून निराळ्या.

मालविक्री अधिनियम 1930 चे तत्त्व असे की, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असतो त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला सहसा मिळत नाही. बोट चोरीची निघाली तर पैसे देऊनही ती आपली होत नाही. चोरीची असल्याचे माहीत असून घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा होतो.

आयातीत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे सादर केलेला आयातीचा दाखला, हा कणा असतो. तो नसेल किंवा त्यात किंमत कमी दाखवली असेल, तर सीमाशुल्क अधिनियम 1962 च्या कलम 111 नुसार बोट जप्त होऊ शकते आणि कलम 112 नुसार दंडही बसतो. पैसे हवालामार्गे बाहेर पाठवले तर परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम 1999 खाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वाळूच्या बोटी : नांदेड जिल्ह्यात या धोक्याचे सर्वांत उघड रूप गोदावरीच्या पात्रात दिसते. विनापरवाना वाळूउपशावर कारवाई करताना महसूल पथके इंजिन बोटी, सक्शन पंप आणि तराफे पकडतात. पंचनामा होतो आणि बोट काठावर ओढून नेणे शक्य नसेल तर जिलेटिनच्या स्फोटाने ती जागीच नष्ट केली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 48 खाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि यंत्रसामग्रीची जप्ती होते. बोटीवर कर्ज काढलेले असेल तर बोट गेली तरी हप्ता राहतो. या पात्रात पूर्वी वापरलेली बोट स्वस्तात घेणाऱ्याने तिच्यावर जप्ती किंवा गुन्हा नाही ना, हे तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

सुरक्षेचा पैलू : बोटीची ओळख पटणे हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका बळकावून आले आणि शेवटचे अंतर त्यांनी हवा भरलेल्या छोट्या बोटीतून कापले. त्या बोटीच्या इंजिनावरील क्रमांकावरून पाकिस्तानी तपास अधिकारी कराचीतील विक्रेत्यापर्यंत पोहोचले. 18 ऑगस्ट 2022 रोजी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरजवळ ‘लेडी हान’ ही बेवारस नौका सापडली. तिच्यात तीन एके-47 रायफली होत्या. नौकेचे नाव आणि मालकी शोधता आल्यामुळे ती ऑस्ट्रेलियन मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जाताना बंद पडली होती, हे त्याच दिवशी विधानसभेत सांगता आले. खाडाखोड केलेल्या क्रमांकाची बोट मात्र निष्पाप मालकालाही संशयाच्या घेऱ्यात उभी करते.

पाण्यावरचा धोका : 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावर बोट उलटून सहा जण बुडाले. वादळी वाऱ्यात जलाशयाचे पाणी किती झपाट्याने उसळते हे त्या संध्याकाळी दिसले. तपासणी न झालेल्या बोटीत किती माणसे बसवायची याचा आकडा कुणीच ठरवलेला नसतो. अपघात झाला आणि विमा नसला, तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येतो आणि मृतांच्या कुटुंबांच्या हाती काहीच लागत नाही.

खरेदीपूर्वी पडताळणी : बोट उन्हात, कोरडी आणि उलटी करून पाहावी. फायबरच्या तळावर एखाद्याच ठिकाणी ताजा रंग असेल तर खाली भेग असू शकते. इंजिन टांगायची मागची फळी बोटांच्या पेरांनी ठोकावी. बद्द आवाज आला तर आतले लाकूड कुजलेले असण्याची शक्यता असते. इंजिनाची क्रमांकपट्टी घासलेली किंवा नव्या रिव्हेटने बसवलेली नसावी. अमेरिकेत बनलेल्या करमणुकीच्या बोटीच्या पाठीमागे उजव्या अंगाला बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो कागदाशी जुळला पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्र, तपासणी प्रमाणपत्र, विमा, जीएसटीची पावती आणि आयात बोट असल्यास बिल ऑफ एन्ट्री यांच्या मूळ प्रती पाहाव्यात. रक्कम बँकेतून द्यावी आणि नोंदणी आपल्या नावावर होईपर्यंत बरीचशी रक्कम हातात राखावी.

ग्रामपंचायत किंवा मच्छीमार संस्था बोट घेते तेव्हा तिच्यावर गावाचा जीव अवलंबून असतो. म्हणून अशा खरेदीचा ठराव, दरपत्रके आणि तपासणी अहवाल दप्तरी ठेवावा. तालुक्याच्या ठिकाणी नोंदणीची शिबिरे भरवणे हा दलालीवरचा खरा उपाय आहे. रीतसर वाट सोपी झाली तर आडवाटेला गिऱ्हाईक उरणार नाही.