बिनहुद्द्याचा शायर

खेडचा माणूस मुंबई-पुण्याला गेला की ससून हे नाव त्याला भेटतेच. कुलाब्याचा ससून डॉक, पुण्याचे ससून हॉस्पिटल. बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याचे हे घराणे. त्याचा पणतू सिगफ्रिड ससून पहिल्या महायुद्धातला नामवंत इंग्रज कवी, शिवाय फौजेत अधिकारी. आम्हाला सांगायचे आहे ते मात्र त्याच युद्धात मेलेल्या दुसऱ्या एका यहुदी कवीविषयी. त्याच्या नावाचा ना डॉक, ना दवाखाना.

आयझॅक रोझेनबर्गचा जन्म १८९० चा. आईबाप लिथुआनियाकडून परागंदा होऊन इंग्लंडला आलेले, बाप फेरीवाला, घरात यिद्दिश बोली. बिऱ्हाड पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा ठसे कोरणाऱ्याच्या हाताखाली लागला. पुढे यहुदी समाजातल्या सधन बायकांनी फी भरली, म्हणून १९११ मध्ये स्लेड या चित्रशाळेत जाता आले.

१९१५ साली तो फौजेत गेला, पण देशप्रेमाने नव्हे. युद्ध त्याला पटतच नव्हते. काम मिळेना, आणि शिपायाच्या आईला भत्ता मिळतो असे कानावर आले होते. पोटासाठी पलटणीत जाणे आम्हा कोकणवाल्यांना काही नवे नाही! उंची कमी म्हणून त्याला बुटक्या जवानांच्या तुकडीत घातले. शेवटपर्यंत तो साधा शिपाईच राहिला.

१९१६ मध्ये त्याचे ‘मोझेस’ हे काव्यनाटक छापून निघाले. त्यातले मूसा फिरऔनच्या राज्यात जुलमी मुकादमावर हात उचलतात. नबींना नाटकात आणणे आमच्या बऱ्याच वाचकांना रुचणार नाही. पण मुकादमाचा जाच भोगलेल्या पोराने हीच हकीकत का निवडली, हे ओळखायला वेळ लागत नाही. खंदकातल्या एका कवितेत त्याने एक उंदीर आणला आहे. तो इंग्रजाच्या हाताला शिवतो, थोड्या वेळाने जर्मनाच्याही शिवेल. त्याला सरहद्द ठाऊक नाही.

या कविता तो मिळेल त्या चिटोऱ्यावर लिहून घरी पाठवी. बहीण ॲनी त्या टाइप करून जपून ठेवी. १९१८ च्या मार्चमध्ये त्याने यहुदी पलटणीत बदली मागितली. ती पलटण मेसोपोटेमियात आहे, अशी त्याची समजूत होती. त्याच मुलखात, कूतला, २९ एप्रिल १९१६ रोजी पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली होती आणि मराठा पलटणींतले आपल्याकडचे जवान कैदेत गेले होते. बदली काही झाली नाही. १ एप्रिल १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये आरासजवळ मारला गेला. त्याच्या नावाच्या दगडावर, त्याला या जागेच्या आसपास पुरले आहे, असे कोरले आहे.

१९२२ साली त्याचा लहानसा संग्रह निघाला, फार कोणी दखल घेतली नाही. १९३७ मध्ये समग्र लेखन आले, त्याला प्रस्तावना सिगफ्रिड ससूनची. १९८५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत युद्धकवींच्या शिळेवर त्याचे नाव कोरले गेले. मेल्यानंतर सदुसष्ट वर्षांनी! ॲनीने ती चिटोरी चुलीत घातली असती तर यातले काहीच घडले नसते.

आमचे पणजोबा बसऱ्याहून परतले होते, असे घरात सांगत. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर असे, तीत पत्रे होती. एका पावसाळ्यात जगबुडीचे पाणी बाजारपेठेत चढले. त्या गडबडीत ओली झालेली पेटी आमच्याच माणसांनी भंगारात दिली. पत्रे कोणी वाचली नव्हती.