तारपा आणि मोठी सुषिर वाद्ये : रचना व घरगुती बांधणी

तारपा हे पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरी या भागांत वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांत वाजवले जाणारे सुषिर वाद्य. सुकवून पोखरलेला दुध्या भोपळा, त्यात पत्तीसह बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांच्या पट्ट्या गुंडाळून केलेला लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण, एवढ्यावर ते उभे राहते. काही तारपे माणसाच्या उंचीहूनही मोठे असतात. विकत घेण्यापेक्षा घडवण्याची रीत येथे जुनी आहे. जव्हार परिसरातील भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते तारपा वाजवतात तसा बनवतातही. वऱ्हाडात तारपा नाही. पण तिथल्या दर्यापुरात बसून असे मोठे वाद्य करू पाहणाऱ्याने आधी तारपाच समजून घ्यावा, कारण वाद्य मोठे केले म्हणजे नेमके काय मोठे केले, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या रचनेतच सापडते.

फुंकवाद्याची लांबी वाढवली की स्वर उतरतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र ही गोष्ट खरी आहे ती ज्या नळीतली हवा कंप पावते त्या नळीपुरती. तारप्यात ही नळी बांबूची असते आणि ती बोटांच्या टप्प्यात राहील इतकीच लांब ठेवलेली असते. एका नळीवर सुरांची छिद्रे, दुसरीचे काम मुख्यतः आधारस्वराचे. भव्य दिसतो तो कर्णा. तो आवाज बाहेर फेकतो, त्याला भरदारपणा देतो. स्वराची उंची ठरवण्यात त्याचा वाटा दुय्यम. भोपळ्याबद्दल तर एक समजूत फारच पसरलेली आहे, की तो हवेची पिशवी आहे. पिशवी दाबता येते, भोपळा दाबता येत नाही. ताठ कवचाचे भांडे श्वास थांबल्यावर दाब टिकवू शकत नाही. तो टिकवतात वादकाचे फुगलेले गाल, नाकाने श्वास ओढताना तोंडातली हवा पुढे ढकलून. भोपळा पत्त्यांना ओठांपासून दूर, बंदिस्त जागेत ठेवतो, हे त्याचे खरे काम. म्हणून तारप्यात स्वर जिभेने तोडता येत नाही, आवाज अखंड राहतो, आणि नाचणाऱ्यांची रांग तासन्‌तास वादकाभोवती फिरू शकते.

हात हीच मोठ्या वाद्याची खरी मर्यादा आहे. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी शास्त्रीय संगीतासाठी सुमारे ३२ इंची बासरी रूढ केली. त्याहून फार लांब बांबूवर बोटे पुरत नाहीत. देवळातला सरळ कर्णा किंवा तिबेटी मठांतला दुंगचेन कितीही लांबवता येतो, कारण त्यांना छिद्रेच नाहीत. फ्रान्चेस्को रोमेई यांनी रोबेर्तो फाब्रिच्यानी या वादकासाठी पीव्हीसी आणि लाकडाची ८ मीटरहून लांब बासरी बांधली, तिच्यावर चाव्या नाहीत, छिद्रे तळहाताने झाकतात. येथे आक्षेप येतो: पीव्हीसीचे वाद्य हे वाद्य कसले? बांबूचा गोडवा प्लास्टिकला कुठून येणार? भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये आतून सारख्या मापाच्या, पण निरनिराळ्या पदार्थांच्या बासऱ्या पडद्याआड वाजवून पाहिल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. नाद हवेच्या स्तंभाचा असतो. आतल्या पोकळीचा आकार आणि छिद्राची धार हुकली तर मात्र बांबूही वाचवत नाही. बांबूचा जिव्हाळा खोटा नव्हे, पण तो कानापेक्षा हाताचा आणि परंपरेचा आहे.

आता हिशेब. हवा ३० अंश सेल्सियसवर असताना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. सेकंदाला ६५ कंपनांचा खर्ज हवा असेल तर बासरीसारखी दोन्ही टोके उघडी असलेली नळी सुमारे २ मीटर ६८ सेंटिमीटर लागते. सरळ नळीच्या एका टोकाला पत्ती बसवली तर त्याच्या निम्मी, म्हणजे १ मीटर ३४ सेंटिमीटर पुरते, कारण पत्तीचे टोक बंद टोकासारखे वागते. घरी करणाऱ्याने पत्तीचे वाद्य निवडावे ते याचसाठी. हार्डवेअरच्या दुकानातला पाइप सहज वाकत नाही, पण एल्बो लावून दुमडला तरी स्वर फारसा बदलत नाही. आपली तुतारीही वळणदारच असते.

कोकणात न भासणारी अडचण वऱ्हाडात आहे. दर्यापूर-अकोल्याकडे हिवाळ्याच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, मे महिन्यात ४५ च्या वर. या दोन टोकांत ध्वनीचा वेग सुमारे ३३७ वरून ३५८ वर जातो, म्हणजे सहा टक्के, जवळजवळ एक अर्धस्वर. लहान बासरी वादकाच्या श्वासाने लवकर तापते. मोठ्या नळीतली हवा बाहेरचेच तापमान धरून बसते. पौषात पेटीशी जुळवलेले वाद्य वैशाखात चढते. ते बिघडले असे समजून कोणी छिद्रे बुजवत बसू नये. एकात एक सरकणारा सांधा ठेवला की काम भागते. उघड्या टोकाबाहेरची थोडी हवाही कंप पावत असल्यामुळे आणि पत्तीमुळे स्वर हिशेबापेक्षा थोडा खालीच येतो, तेव्हा नळी मोजमापाइतकीच कापावी, स्वर ऐकावा आणि मग करवतीने बोट-बोट कमी करत न्यावी.