थ्रेड : दांडीच्या पाठीवर लिहिलेला इतिहास

१/ इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत एक वाद कधी संपत नाही : मान, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘नेक’, जाड असावी की सडपातळ? पाठ गोल असावी की कण्यासारखी उभट? फरक दोन-तीन मिलिमीटरांचा, पण हाताला तो तत्काळ कळतो. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. वास्तविक त्यात इतिहास आहे, आणि तो आपल्या मिरजेपर्यंत येतो.

२/ आधी गिटार. तिच्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो भरतो. नुसत्या लाकडाने तो पेलायचा तर मान जाड ठेवणे भाग होते. मानेच्या पोटात पोलादी सळई बसवून तिचा बाक पेचाने कमी-जास्त करण्याची युक्ती गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढली. तिचे पेटंट १९२३ चे. त्यानंतर मानेची जाडी ठरवण्याचा अधिकार हळूहळू लाकडाकडून वादकाच्या हाताकडे आला.

३/ म्हणून गिब्सनच्या ‘लेस पॉल’ गिटारची १९५९ ची मान भरीव आणि १९६० ची सडपातळ, हा भेद आजही जाणकार पाठ म्हणतात. फेंडरच्या मानांना तर इंग्रजी अक्षरांची नावे पडली : पाठीचा छेद ‘सी’सारखा, ‘यू’सारखा की ‘व्ही’सारखा. अंगठा मानेवरून वर आणून मूठ वळणाऱ्याला उभट पाठीचा आधार मिळतो. अंगठा मागे टेकवून बोटे वेगाने फिरवणाऱ्याला चपटी, पातळ पाठ मानवते.

४/ आता सतार. (हो, मराठीत ती ‘सतार’च. आणि नाही, सातारा शहराशी तिचा काही संबंध नाही. हा प्रश्न दरवेळी येतो.) मूळ फारसी ‘सेहतार’, म्हणजे तीन तारांची. अठराव्या शतकातल्या दिल्लीत ती प्रतिष्ठेला आली. जुन्या सतारी आकाराने लहान, अरुंद दांडीच्या, तरफा नसलेल्या. मसीतखानी, रजाखानी गतींचे सौंदर्य मुख्यतः उजव्या हाताच्या आघातांच्या बांधणीत होते. त्या वादनाला ती दांडी पुरत होती.

५/ पुढे वादकांना गळ्यासारखी मींड हवीशी झाली. एकाच पडद्यावर तार आडवी ओढून तीन, चार, पाच स्वरांपर्यंत जायचे. तार ओढायला जागा हवी, म्हणून दांडी रुंद. आज ती सुमारे तीन-साडेतीन इंच असते. गिटारची मान वरच्या टोकाला जेमतेम ४२-४३ मिलिमीटर! सतारीच्या तारा दांडीच्या एका बाजूला एकवटलेल्या असतात आणि उरलेला मोकळा पडदा केवळ मींडेसाठी राखलेला असतो. प्रथम पाहणाऱ्याला ती जागा वाया गेल्यासारखी वाटते.

६/ पडदे कमानदार का? तार आडवी सरकत असताना तिचा पडद्याशी स्पर्श सुटू नये म्हणून. दांडीचा पृष्ठभाग खोलगट का? पडद्यांखालून तरफांच्या तारा जाव्यात म्हणून. याचा परिणाम असा की सतारियाचे बोट लाकडाला लागतच नाही. ते तार आणि पडदा एवढ्यावरच चालते. गिटारवर बोटाच्या टोकाखाली बहुधा लाकूड येते. दोन्ही वाद्यांच्या ‘हाती लागण्या’तला सर्वांत मोठा भेद हाच, असे मला वाटते.

७/ आणि पाठ? गिटारचा पट्टा खांद्यावर असतो, तरी मान डाव्या मुठीत राहते. सतारीचा भार मांडी, पाऊल आणि उजवा बाहू यांवर असतो. डावा अंगठा दांडीला उचलून धरत नाही. तो मागून नुसता सरकतो. म्हणून सतारीची रुंद दांडीही हाताला जड होत नाही, मात्र तिची पाठ गोल आणि गुळगुळीत हवी. पाठीला कोपरा राहिला तर अंगठा तिथे अडखळतो आणि मींड मध्येच तुटते.

८/ इथे खरी अडचण उभी राहते. सतारीची दांडी पोकळ. एक तार जोराने ओढताना दांडी किंचित जरी वाकली, तरी बाकीच्या तारा उतरतात आणि मींड बेसूर होते. उस्ताद विलायत खाँ (१९२८–२००४) यांच्या गायकी अंगाला हे परवडणारे नव्हते. त्यांनी कारागिरांबरोबर बसून भोपळा व दांडी जोडणारा सांधा, म्हणजे गुलू, मजबूत करवून घेतला, तबली जाड करवली, खर्जाच्या तारा कमी केल्या. अमेरिकेत पोलादी सळईने जे साधले, ते इथे लाकडाच्या जोडकामाने साधले.

९/ महाराष्ट्रात हे ज्ञान मिरजेच्या गल्लीत आले ते शस्त्रांच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनी तेथे वाद्ये घडवण्यास आरंभ केला. घराणे शिकलगारांचे, तलवारींना धार लावणाऱ्यांचे. राज्ये गेली, तलवारी खुंटीला लागल्या, आणि हात रिकामे झाले. धातू आणि कानस ओळखणारा हात जवारी घासण्याकडे वळावा, यात मला नवल वाटत नाही. केसभर जास्त घासले तर घोडी वाया, हा हिशेब त्या हाताला ठाऊक होता.

१०/ मिरज संस्थानात पटवर्धनांच्या आश्रयाने गायक होते. पलुस्कर येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. अब्दुल करीम खाँ येथेच राहिले, आणि तंबोऱ्याच्या दुरुस्तीत ते स्वतः निष्णात होते. गाव गायकांचे, म्हणून मिरजेचे नाव मोठे झाले ते तंबोऱ्याने. तंबोऱ्याच्या दांडीवर स्वर दाबायचे नसतात. तिथे दांडीची रुंदी-पोकळी ठरते ती नादासाठी. बोटांच्या सोयीचा प्रश्न सतारीचा. दोन्ही प्रकारच्या दांड्या एकाच गल्लीत तासल्या जातात.

११/ भोपळा येतो पंढरपूर भागातून, भीमेच्या खोऱ्यातून. वरकुट्याच्या माणसाने हे अभिमानाने सांगावे, कारण तीच भीमा आमच्या इंदापूर तालुक्याच्या कडेने पुढे जाते. (आमच्याकडे तिच्या पाण्याचा बहुतेक ऊसच झाला, हे वेगळे.)

१२/ उलटा प्रवासही झाला. १९७० च्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ या संचासाठी पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेली गिटार वापरली. प्रेरणा वीणेची : बोटाखालचे लाकूड काढले की तार मोकळी होते, आणि गमक निघते. सोबत तबल्यावर आपल्या माहीमचे झाकिर हुसेन.

१३/ २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाचे नाव राखले जाईल. पण जुन्या वाद्यांची छायाचित्रे आपण समोरून काढतो, संग्रहालयात वाद्य पाठ भिंतीला लावून उभे असते, आणि दुरुस्तीत दांडी बदलली की जुनी दांडी बहुधा जळणात जाते. फरीदसाहेबांच्या पिढीची दांडी हाताला कशी लागत असेल, हे सांगणारा पुरावा असा संपतो.

१४/ म्हणून विनंती. घरात आजोबा-पणजोबांची सतार असेल, तर दुरुस्तीस देण्यापूर्वी तिच्या पाठीचे छायाचित्र काढा. खुंट्यांजवळ, मध्यभागी आणि गुलूजवळ, अशा तीन ठिकाणी दांडीची रुंदी व जाडी मोजून मिलिमीटरमध्ये लिहा. पाठीच्या गोलाईवर कागदी पुठ्ठा कापून बसवला तर छेदही मिळेल. वाद्य कोठून, कधी घेतले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच पुठ्ठ्यावर टिपून ठेवा.