पंगतीतले ‘पुरे’

पोट भरल्याचे पंगतीत सांगण्याची पुण्याची जुनी रीत पायरीपायरीची होती. वाढपी जिलेबीचे ताट घेऊन समोर आला की आधी ‘नको’, मग ‘अर्धीच’, मग ‘पुरे, पुरे’. तरीही तो हलला नाही तर पानावर आडवा हात. कसलेला वाढपी बोटांच्या फटीतूनही जिलेबी सोडी, म्हणून काही जण पानावर सरळ ओणवे होत. पहिल्याच नकाराला वाढपी पुढे सरकला तर यजमानाचा हात आखडता ठरे, आणि पाहुण्याने लगेच होकार दिला तर तो हावरट. आग्रहाने दोघांचीही अब्रू राखली जाई.

या आग्रहाला हद्दही होती. ब्राह्मणी पंगतीत पानाभोवती पाणी फिरवून, चित्राहुती घालून आपोशन घेतले की जेवण सुरू होई आणि उत्तरापोशनाने संपे. तळहातावरचे ते शेवटचे पाणी प्यायल्यावर पानातले काही खायचे नसे, त्यामुळे तिथे कोणाचाच आग्रह चालत नसे. त्याआधीची खूण म्हणजे मागचा भात. कोणी ताकभात मागितला की गोडाचे ताट पुढच्या पानाकडे वळे. पंगत मात्र एकदमच उठे. ज्याचे आधी आटोपले, तो इतरांना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत बसून राही.

पेशवाईत अशा पंगती मोठ्या प्रमाणावर उठत. श्रावणातल्या दक्षिणेसाठी गावोगावचे ब्राह्मण पुण्यात येत आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. दक्षिणेच्या निधीतून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तरी लग्नामुंजीच्या पंगती वाड्यांच्या चौकांत चालूच राहिल्या. त्यांत परजातीच्या माणसाला पान मांडले जात नसे. ज्यांच्या वाट्याला पंगतीमागचे उष्टे येई, त्यांना ‘पुरे’ म्हणण्याची वेळच येत नव्हती. आग्रहाचे कौतुक करताना हे विसरणे अन्यायाचे आहे.

शिक्षण आणि नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांमुळे शहरात खाणावळी वाढल्या. पैसे मोजून जेवणाऱ्याला आग्रह कोण करणार? तरी पोटभर थाळीच्या हॉटेलांत वाढपी पोळी, आमटी घेऊन फिरत राहतो आणि त्याला थांबवण्यासाठी ताटावर आडवा हातच धरावा लागतो.

मंगल कार्यालयांत बुफे आल्यावर वाढणारा आणि जेवणारा समोरासमोर येईनासे झाले. हाताने वाढून घेतलेल्या ताटाला नकार द्यायचा तरी कोणाला? तरुण मंडळींच्या तोंडी ‘नो थँक्स’ आणि ‘पोट फुल्ल झालं’ बसले. मात्र बुफे असलेल्या लग्नातही विहिणीची पंगत वेगळी मांडतात. ताटाभोवती रांगोळी असते, नाव घेऊन घास भरवले जातात, आणि विहीणबाईंचे पहिले ‘नको’ आजही कोणी मनावर घेत नाही.