मधुमेह, अंतःस्राव आणि हृदय

इ. स. १९२२ च्या मे महिन्याची ६ तारीख. मुंबईंत खेतवाडीच्या पन्हाळा लॉजमध्यें त्या दिवशीं पहाटे करवीरचे छत्रपति शाहू महाराज यांचें हृदयविकारानें निधन झालें. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा; म्हणजे वयाचीं ४८ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. तारुण्यांत कुस्तीचा व शिकारीचा नाद केलेला, खासबागेचें विशाल कुस्ती-मैदान उभारणारा हा धिप्पाड पुरुष इतक्या लवकर कां जावा, हा प्रश्न कोल्हापुरांत आजही बोलण्याच्या ओघांत निघतो.

त्याच्या उत्तराचा धागा महाराजांच्या चरित्रांतच सांपडतो. त्यांना मधुमेह होता. उत्तरवयांत देह फार स्थूल झाला होता. त्यांतच १२ जून १९१८ रोजीं धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज यांचा शिकारींत अपघातानें अंत झाला आणि तो घाव पित्याच्या मनांतून कधींच भरून निघाला नाहीं.

याच्या पावणेदोन वर्षें आधीं, १ ऑगस्ट १९२० रोजीं, त्याच मुंबईंत सरदारगृहांत लोकमान्य टिळकांनीं देह ठेवला होता. वेदोक्त प्रकरणापासून हे दोन पुरुष एकमेकांचे कट्टर प्रतिपक्षी. महाराष्ट्राचे सुशिक्षित लोक कांहीं याच्या बाजूस तर कांहीं त्याच्या बाजूस उभे राहिले. परंतु शरीराच्या रणांगणावर दोघांचा शत्रु एकच होता. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कारावासांत टिळक मधुमेहाशीं झुंजत होते, आणि कडक पथ्यानें त्यांनीं तो पुष्कळ अंशीं आटोक्यांत ठेवला होता. अखेरच्या दुखण्यांत ताप, न्युमोनिया आणि शेवटीं थकलेलें हृदय, असा क्रम झाला. त्या वेळीं त्यांचें वय ६४ वर्षांचें होतें.

दोन भिन्न स्वभावांचे, भिन्न आहारविहारांचे पुरुष. एक स्थूल, एक सडपातळ. दोघांनाही मधुमेह, आणि दोघांच्या अखेरच्या दुखण्यांत हृदयानें साथ सोडली. आजच्या वैद्यास यांत नवल वाटणार नाहीं. त्या काळच्या वैद्यास मात्र हे दोन रोग एकाच साखळीच्या कड्या आहेत, असें क्वचितच वाटलें असतें. हें ज्ञान कसें आलें, हाच या इतिहासाचा गाभा होय.

मधुमेह आपल्या देशास नवा नव्हे. चरकानें प्रमेहाचे २० प्रकार सांगितले; रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें लक्षण नोंदविलें; एक रोगी स्थूल व बलवान्, तर दुसरा कृश व दुर्बल, असा भेदही केला. कारणें सांगतांना त्यानें बैठ्या सुखाचा, अति झोंपेचा, दह्याचा, नव्या धान्याचा आणि गुळाच्या पदार्थांचा उल्लेख केला आहे. गुळाच्या पेठेनें नांवारूपास आलेल्या कोल्हापुरानें ही यादी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आणखी एक गोष्ट चिंतनीय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सतराव्या अध्यायांत पांच प्रकारचे हृद्रोग आणि मधुमेहाच्या सात पिटिका यांचें विवेचन एकत्र आलें आहे. आणि ज्या ओजाचें स्थान हृदय, तेंच ओज मधुमेहांत मूत्रावाटें जातें, असें तेथें म्हटलें आहे. यावरून प्राचीनांस आजचें रक्तवाहिन्यांचें शास्त्र अवगत होतें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु मधुमेह हा केवळ मूत्राचा रोग नसून देहाचें सत्त्वच हरण करणारा आहे, ही त्यांची दृष्टि खरी होती.

युरोपांत १६७४ मध्यें टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें मधुमेह्याच्या मूत्राची गोडी वर्णिली, आणि १७७६ मध्यें मॅथ्यू डॉब्सन यानें ती गोडी साखरेचीच आहे, व ती रक्तांतही असते, हें दाखविलें. १८८९ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकतांच त्यास मधुमेह जडला. रोगाचें घर सांपडलें. परंतु त्या पिंडांतून असें काय पाझरतें, कीं ज्याच्या अभावीं साखर वाहूं लागते?

या प्रश्नास पुढें एक नांव मिळालें. कांहीं ग्रंथि आपला रस नळीवाटें न सोडतां थेट रक्तांत सोडतात आणि तो रस दूरच्या अवयवांस जणुं आज्ञापत्रें पोंचवितो. अशा रसास १९०५ मध्यें लंडनच्या स्टार्लिंग यानें ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. मराठींत त्यास अंतःस्राव किंवा संप्रेरक म्हणतात. स्वादुपिंडाचा अंतःस्राव, म्हणजेच इन्शुलिन, टोरॉन्टोच्या बँटिंग आणि बेस्ट यांनीं १९२१ मध्यें हस्तगत केला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास तो प्रथम टोंचण्यांत आला. पहिला प्रयत्न फसला, परंतु रस अधिक शुद्ध करून २३ जानेवारीस पुन्हा दिल्यावर मरणोन्मुख मुलगा सावरला. तो पुढें तेरा वर्षें जगला.

टोरॉन्टोच्या त्या पहिल्या टोंचणीपासून शाहू महाराजांच्या निधनापर्यंत अवघे ११५ दिवस गेले. हें गणित मांडलें, कीं मन हळहळतें: तें औषध थोडें आधीं निघतें आणि सातासमुद्रांपलीकडून वेळेवर पोंचतें, तर! परंतु वैद्यकाचा पुढील इतिहास या हळहळीस दुजोरा देत नाहीं, आणि येथेंच खरा बोध आहे.

इन्शुलिननें ज्यांचे प्राण वांचविले, ते बहुतेक लेनर्डसारखे कृश, अल्पवयी रोगी होते. त्यांचें स्वादुपिंड इन्शुलिन निर्माणच करीत नव्हतें. साखर जळेना म्हणून शरीर चरबी जाळी, त्यांतून उत्पन्न होणाऱ्या विषारी अम्लांनीं रोगी बेशुद्ध होऊन दगावे. हा मृत्यु इन्शुलिननें मागें हटविला. तेव्हां बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ जोस्लिन यांच्यासारख्या वैद्यांच्या ध्यानांत एक नवीच गोष्ट आली. रोगी आतां बेशुद्धींत मरत नव्हते. ते अधिक वर्षें जगत आणि पुढें हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होऊन, चोंदून मरत. एका दारावरचा शत्रु हटवावा, तों दुसऱ्या दारीं तो पूर्वींच येऊन बसला आहे, असें दिसावें, तसें हें झालें.

प्रौढ वयाच्या स्थूल रोग्यांचें कोडें तर याहून गूढ होतें. १९३६ मध्यें लंडनच्या हिम्सवर्थ यांनीं दाखविलें, कीं कांहीं मधुमेह्यांच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम चटकन होतो, तर कांहींच्या शरीरावर फारच थोडा. म्हणजे दुसऱ्या प्रकारांत दोष इन्शुलिनच्या अभावाचा नसून, शरीर त्याची आज्ञा मानीत नाहीं, हा आहे. आज्ञा मानली जात नाहीं म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओततें. अशा देहांत यकृत अधिक चरबी रक्तांत सोडतें, मूत्रपिंडें मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो आणि रक्तवाहिन्यांचें आंतील अस्तर बिघडून त्याखालीं मेदाचे थर सांचूं लागतात. साखर मूत्रांत दिसूं लागण्यापूर्वीं कित्येक वर्षें हें काम चाललेलें असतें. म्हणजेच साखरेचा पत्ता लागतो, तोंवर हृदयाच्या वाटेवर शत्रूनें मजल मारलेली असते.

इन्शुलिनची आज्ञा मोडणारे कोण, या प्रश्नानें संशोधकांस इतर ग्रंथींकडे वळविलें. १९२१ मध्येंच पॅरिसच्या अशार आणि तिएर यांनीं मधुमेह जडलेल्या, चेहऱ्यावर दाढीसारखे केंस आलेल्या स्त्रियांचें वर्णन केलें होतें. १९३२ मध्यें अमेरिकन शस्त्रवैद्य कुशिंग यांनीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष ग्रंथीच्या विकारानें चेहरा व धड सुटणें, रक्तदाब चढणें आणि मूत्रांत साखर येणें हीं लक्षणें एकत्र येतात, हें दाखविलें. अर्जेंटिनाच्या हूसे यांनीं तीच ग्रंथि काढून टाकल्यास कुत्र्यांचा मधुमेह सौम्य होतो, हें सिद्ध केलें. त्यांना १९४७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९३५ मध्यें शिकागोच्या स्टाइन आणि लेवेंथल यांनीं मासिक पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार वर्णिला. त्याचें इन्शुलिनशीं असलेलें नातें पुढें १९८० मध्यें उघड झालें. कंठांतील थायरॉइड ग्रंथि मंदावली तर रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें, आणि ती अतिरिक्त चालली तर हृदयाचा ताल बिघडतो व साखरही चढते. एवंच, अंतःस्राव ही एक राज्यसभा होय. तींतील एकाचा तोल गेला, कीं इतरांचाही जातो, आणि भुर्दंड अखेरीस हृदयास भरावा लागतो.

ही नुसती तर्काची इमारत नव्हे, हें मोजमापानें ठरलें. १९४८ मध्यें अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम या लहानशा शहरांतील ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी करण्यास आरंभ झाला. १९७९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निरीक्षणांत मधुमेह्यांस हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगाचा धोका दुपटीतिपटीनें अधिक असल्याचें दिसलें. निसर्गतः स्त्रियांस पुरुषांच्या मानानें हृदयरोगापासून जें संरक्षण असतें, तें मधुमेह बहुतांशीं हिरावून घेतो, हेंही त्यांतून कळलें. १९८८ मध्यें रीव्हन यांनीं रक्तदाब, चढलेली चरबी, साखर आणि इन्शुलिनला न जुमानणारें शरीर यांची एकच मोळी बांधून दाखविली.

या मोळींत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. फ्रेंच वैद्य वाग यांनीं १९४७ मध्येंच म्हटलें होतें, कीं चरबी किती याहून ती कोठें सांचते याला अधिक महत्त्व आहे. पोटावरची चरबी घातक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं हा विचार आपल्या लोकांस लावून पाहिला. २००४ मध्यें त्यांनीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत स्वतःचें आणि इंग्रज वैद्य युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु शरीरांतील चरबी मात्र इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि पुणेकरांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांच्या अभ्यासांत तर असें दिसलें, कीं आपलीं मुलें जन्मतःच वजनानें हलकीं, पण त्या मानानें चरबीनें भरलेलीं असतात. दिसायला सडपातळ, आंतून स्थूल, असा हा आपला देह. टिळकांसारखा सडपातळ आणि शाहू महाराजांसारखा भरदार, असे दोघेही एकाच रोगाच्या तावडींत कसे सांपडतात, याचा उलगडा करण्यास ही दृष्टि उपयोगी पडते. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे, हें पाहतां हा विषय कोणा एका घराचा राहिलेला नाहीं.

मग १९२२ च्या त्या प्रश्नाचें उत्तर काय? महाराजांस इन्शुलिन मिळतें, तर त्यांची साखर कदाचित् उतरली असती. परंतु हृदयरक्षणासाठीं लागणारीं दुसरीं शस्त्रें त्या काळीं कोणाच्याच भात्यांत नव्हतीं. जिवंत माणसाचा हृदयाघात ओळखण्याची रीतच मुळीं १९१२ मध्यें शिकागोच्या हेरिक यांनीं नीट मांडली होती. रक्तदाब उतरविणारीं भरवशाचीं औषधें नव्हतीं, कोलेस्टेरॉल कमी करणारीं नव्हतीं. तीं आलीं, तेव्हां फरक दिसला: १९९८ मध्यें ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगानें दाखविलें, कीं मधुमेह्यांचा रक्तदाब कसून आटोक्यांत ठेवल्यास मधुमेहजन्य मृत्यु ३२ टक्क्यांनीं घटतात. आणि २०१५ मध्यें तर इतिहासानें एक विलक्षण वळण घेतलें. मूत्रावाटें मुद्दाम साखर बाहेर घालविणारें एक औषध हृदयरोगी मधुमेह्यांचे हृदयविकारानें होणारे मृत्यु ३८ टक्क्यांनीं कमी करतें, असें सिद्ध झालें. ज्या गोड मूत्रास चरकापासून विलिसपर्यंत सर्व वैद्य रोगाची खूण समजत आले, तेंच योग्य हातीं हृदयाचें रक्षक ठरलें!

या सर्व इतिहासाचें तात्पर्य गृहस्थाश्रमी माणसानें ओळखावें, असें आहे. घरांत कोणास मधुमेह असल्यास केवळ साखरेचा आंकडा पाहून समाधान मानूं नये. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडें आणि कंबरेचा घेर यांचीही विचारपूस त्याच जागरूकतेनें व्हावी. मधुमेहांत मज्जातंतु बधिर होतात, त्यामुळें हृदयाघाताची कळ छातींत उठतेच असें नाहीं. एकाएकीं दम लागणें, घाम फुटणें, अकारण गळून जाणें, हीच कधीं कधीं एकमेव सूचना असते आणि तीस अपचन समजून वेळ दवडूं नये. लेकीसुनांची पाळी वारंवार चुकत असेल, वजन वाढत असेल, किंवा गरोदरपणीं साखर चढली असेल, तर ती केवळ बायकी तक्रार समजून झांकून ठेवूं नये. तो पुढच्या वीस वर्षांचा आधींच आलेला निरोप असतो. आणि ज्यांनीं तरुणपणीं तालमींत घाम गाळला, त्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें, कीं जोर-बैठका सुटल्यावर दूध, तूप, बदामांचा खुराक तसाच चालूं ठेवणें शरीरास मानवत नाहीं.

शाहू महाराजांनीं १८९५ मध्यें शाहूपुरीची पेठ वसविली आणि ती गुळाच्या व्यापारानें भरभराटीस आली. भोगावतीवर राधानगरीचें धरण बांधण्यास हात घातला आणि करवीरच्या शिवारांत पाण्याबरोबर ऊसही वाढला. त्या गोडीनें हजारों घरांच्या चुली पेटल्या, हें ऋण मोठें आहे. तें मान्य करून, पानांत पडणाऱ्या गोडाचें माप मात्र ज्यानें त्यानें स्वतःच ठरवावयाचें आहे. १९२२ मध्यें करवीरच्या अधिपतीसही जें ज्ञान कोणी देऊं शकला नाहीं, तें आज कोल्हापूरच्या साध्या दवाखान्यांत रक्ताच्या चार थेंबांत मिळतें. तें वेळेवर विचारून घेणें एवढेंच आपल्या हातीं उरलें आहे.