एक्सेल दुसऱ्या स्क्रीनवर नेलं की का बिघडतं?

भोसरी, तळवडे, महाळुंगे किंवा चाकणमधल्या सुट्या भागांच्या एखाद्या कारखान्यात जा आणि डिस्पॅचचं टेबल बघा. एक लॅपटॉप असतो आणि शेजारी कुठून तरी आणलेला जुना मॉनिटर. एका स्क्रीनवर ग्राहक कंपनीचं पोर्टल उघडं असतं: कोणता पार्ट, किती नग, किती वाजता हवा. दुसऱ्या स्क्रीनवर आपली स्टॉकची एक्सेल शीट. गाडी भरायला लागलेली असते आणि नेमकी तेव्हाच शीट एका स्क्रीनवरून दुसरीकडे ओढली की गंमत सुरू होते. अक्षरं धूसर होतात, मॅक्रोचं बटण फुगतं, अर्धी खिडकी काळी पडते, नाहीतर खाली स्क्रोल केलं तरी जुन्याच ओळी चिकटून राहतात.

अशा वेळी पहिला संशय फाइलवर जातो. "शीट करप्ट झाली" म्हणून कोणी तरी कालची कॉपी उघडतं आणि मग खरा घोळ होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते, बिघडलेलं असतं ते फक्त पडद्यावरचं चित्र. पण चित्र चुकलं म्हणून काही होत नाही असंही नाही. चुकीच्या ओळीतला आकडा चलनावर गेला तर माल परत येतो. ई-वे बिल एकदा तयार झालं की त्यातला मालाचा तपशील दुरुस्त करता येत नाही, 24 तासांच्या आत ते रद्द करून नवं काढावं लागतं. म्हणून दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी आकडा खरा आहे का ते बघून घ्या.

आधी आकडा, मग स्क्रीन

ज्या सेलवर शंका आहे त्यावर क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. सेलमध्ये जे खरं साठवलेलं आहे ते तिथे दिसतं, आणि त्याच्या डावीकडच्या चौकटीत सेलचा पत्ता. पूर्ण कॉलम निवडला की खाली स्टेटस बारवर बेरीज येते, ती नेहमीच्या बेरजेशी ताडून बघा. चित्र अडकलेलं वाटत असेल तर खिडकी मिनिमाइज करून परत उघडा, एक्सेलला सगळं नव्याने रंगवावं लागतं.

दोन फसवणुका इथे विशेष लक्षात ठेवा. कॉलम अरुंद झाला की एक्सेल आकड्याच्या जागी ##### दाखवतं. ते दिसायला वाईट, पण प्रामाणिक असतं, निदान अर्धा आकडा दाखवून फसवत नाही. मजकुराचं तसं नाही. पार्ट नंबरमध्ये अक्षरं आली की एक्सेल त्याला मजकूर समजतं, आणि शेजारचा सेल भरलेला असेल तर न मावणारा भाग गुपचूप कापून टाकतं. गाड्यांच्या भागांत डाव्या आणि उजव्या बाजूचे पार्ट असतात. नंबर सारखाच, शेवटी फक्त 'एलएच' किंवा 'आरएच'. एका स्क्रीनवर जेमतेम मावलेला हा नंबर दुसरीकडे गेल्यावर शेपटी गमावतो आणि दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. याची सूचना एक्सेल देत नाही. पार्ट नंबरचा कॉलम चार-पाच अक्षरं जास्त रुंद ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. दशांशांचंही असंच. सेलचा फॉरमॅट 'जनरल' असेल आणि जागा कमी पडली तर 12.75 हे 12.8 दिसू शकतं.

आणखी एक दोष उगाच मॉनिटरच्या माथी मारला जातो. आकडा बदलला तरी एकूण बेरीज बदलत नाही. अशा वेळी खाली डाव्या कोपऱ्यात 'कॅल्क्युलेट' असं लिहून आलंय का ते बघा. आलं असेल तर एक्सेल मॅन्युअल गणितावर गेलेलं आहे. दिवसातली पहिली उघडलेली फाइल ज्या पद्धतीत सेव्ह केलेली असते, तीच पद्धत त्या वेळी उघडलेल्या बाकी फाइलींनाही लागू होते. म्हणून कोणाची तरी जुनी शीट आधी उघडली की तुमची चांगली शीटही गप्प बसते. एफ-9 दाबा आणि 'फॉर्म्युलाज'मधल्या 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स'मध्ये 'ऑटोमॅटिक' करा.

दोन स्क्रीन, दोन मापं

आता मूळ कारणाकडे. लॅपटॉपची स्क्रीन 15.6 इंचाची आणि बाहेरचा मॉनिटर 22 इंचाचा असतो, पण ठिपके दोन्हींवर तेवढेच: 1920 गुणिले 1080. लहान स्क्रीनवर अक्षरं फार बारीक दिसतील म्हणून विंडोज तिथे सगळं 125 किंवा 150 टक्के मोठं करतं आणि मोठ्या मॉनिटरवर 100 टक्केच ठेवतं. या टक्केवारीला 'स्केल' म्हणतात. 100 टक्के म्हणजे इंचाला 96 ठिपके, 125 टक्के म्हणजे 120, 150 टक्के म्हणजे 144.

खिडकी एका स्क्रीनवरून दुसरीकडे गेली की प्रोग्रामला आपलं माप बदलून सगळं पुन्हा काढावं लागतं. ज्या प्रोग्रामला हे जमत नाही, त्याचं चित्र विंडोज फोटो ताणावा तसं ताणतं. धूसरपणा येतो तो त्यातून. विंडोज 10 मध्ये 2017 साली यासाठी सुधारित व्यवस्था आली आणि नवं एक्सेल ती वापरतं. पण शीटवर बसवलेली जुनी ॲक्टिव्हएक्स बटणं, मॅक्रोचे फॉर्म, बाहेरच्या कंपन्यांचे ॲड-इन यांना ती झेपेलच असं नाही. बटण दर क्लिकला फुगतं किंवा आकसतं ते यामुळे.

कॉलमची रुंदी का बदलते? एक्सेल ती सेंटिमीटरमध्ये मोजत नाही, फाइलच्या मूळ फाँटमधला अंक किती रुंद आहे त्यावर मोजतं. कॅलिब्री 11 असेल तर 100 टक्क्यांवर नेहमीचा कॉलम 8.43 अंकांचा, म्हणजे 64 ठिपक्यांचा भरतो. स्केल बदलला की ठिपके पूर्णांकात बसवावे लागतात, थोडं इकडे-तिकडे होतं, आणि आधी जेमतेम मावलेलं आता मावत नाही. मराठी मजकुरात याचा त्रास उंचीतही दिसतो. ओळ तंग असली की वेलांट्या आणि उकार कापले जातात. ओळीच्या क्रमांकाखालच्या रेषेवर डबल क्लिक केलं की उंची जुळते. मर्ज केलेल्या सेलमध्ये मात्र हे चालत नाही, तिथे हातानेच ओढावं लागतं.

काय करायचं

सगळ्यात आधी एक छोटी चाचणी. बिघडलेलं दिसत असताना विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या स्क्रीनवर बघा. स्क्रीनशॉटमध्येही बिघाड असेल तर गडबड सॉफ्टवेअरची. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, कन्व्हर्टर किंवा मॉनिटरकडे बघा. जुनी निळी व्हीजीए केबल असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबून बघा, अक्षरं बऱ्याचदा तेवढ्यानेच सरळ होतात.

सॉफ्टवेअरची गडबड असेल तर माझ्या मते पहिला उपाय दोन्ही स्क्रीनचा स्केल सारखा करणं हाच. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जा, वरच्या चित्रातली एकेक स्क्रीन निवडा आणि दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. 100 वर लॅपटॉप वाचता येत नसेल तर दोन्हीकडे 125. मग एकदा साइन आउट करून परत या. मॉनिटरवर सगळं थोडं मोठं दिसेल, पण शीट ओढताना माप बदलायचं कामच उरणार नाही.

हे चालणार नसेल तर एक्सेललाच सांगता येतं. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'जनरल' इथे 'व्हेन यूझिंग मल्टिपल डिस्प्लेज' असा भाग असतो. त्यात 'ऑप्टिमाइझ फॉर कंपॅटिबिलिटी' निवडा आणि एक्सेल पूर्ण बंद करून उघडा. बटणं आणि फॉर्म जागेवर येतात. बदल्यात एका स्क्रीनवर अक्षरं किंचित धूसर दिसू शकतात. डिस्पॅचच्या कामाला हा सौदा परवडतो. कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनचे अधिकार नसले तरी साधारणपणे हे दोन्ही बदल करता येतात.

काळे पट्टे, लुकलुकणं आणि चिकटलेल्या ओळी हा वेगळा आजार आहे, तो ग्राफिक्सचा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. तेवढ्यापुरतं बरं वाटून परत तेच होत असेल तर एक्सेलच्या 'ॲडव्हान्स्ड' पर्यायांत 'डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' शोधा. काही नव्या आवृत्त्यांत ते दिसत नाही, मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर अद्ययावत करणं हाच मार्ग. डेस्कटॉप असेल तर मागे वाकून बघा: एक मॉनिटर ग्राफिक्स कार्डाला आणि दुसरा मदरबोर्डला लावलेला असतो कधीकधी. दोन्ही एकाच ठिकाणी लावा. लिबर ऑफिसच्या कॅल्कमध्ये असंच होत असेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'व्ह्यू' इथे 'स्किया'चा पर्याय बंद करून बघा. गूगल शीट्ससाठी क्रोमच्या 'सिस्टीम' सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन.

ॲड-इनवर संशय असेल तर कंट्रोल दाबून धरून एक्सेल उघडा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं ते विचारेल, हो म्हणा. तिथे सगळं नीट चाललं तर दोष बहुधा ॲड-इनचा. ॲक्टिव्हएक्स बटणांशी भांडत बसू नका. साधा आकार काढा, त्यावर राइट क्लिक करून मॅक्रो जोडा, तो फुगत नाही.

खिडकीच गायब झाली तर? रात्री कोणी मॉनिटर काढून नेला असेल तर शीट त्या नसलेल्या स्क्रीनवर उघडते. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा.

एका जुन्या सवयीबद्दलही सांगायला हवं. एक्सेल 2010 पर्यंत सगळ्या फाइली एकाच मोठ्या खिडकीत उघडायच्या, म्हणून दोन मॉनिटरसाठी लोक एक्सेल दोनदा सुरू करायचे. 2013 पासून प्रत्येक फाइलला स्वतंत्र खिडकी आहे, त्यामुळे ही गरज उरलेली नाही. तरीही दोनदा सुरू केलंत तर एका फाइलमधून दुसरीत क्लिक करून व्ही-लुकअप लावता येत नाही आणि कॉपी-पेस्टमध्ये फॉर्म्युले येत नाहीत. 'व्ह्यू'मधल्या 'स्विच विंडोज'मध्ये दुसरी फाइल दिसत नसेल तर हेच झालंय. एकच फाइल दोन्हीकडे हवी असेल तर 'न्यू विंडो' वापरा, पण बंद करताना नावापुढे 2 असलेली खिडकी आधी बंद करा. उलट केलं तर फ्रीझ केलेल्या ओळी जातात आणि दुसऱ्या दिवशी फाइल बिघडली म्हणून ओरड होते.

एवढं करूनही सुटलं नाही तर आयटीवाल्याला "एक्सेल चालत नाही" असा निरोप देऊ नका. दोन्ही स्क्रीनचा स्केल किती, केबल कोणती, एक्सेलची आवृत्ती कोणती आणि फक्त लॅपटॉपवर शीट नीट चालते का, एवढं लिहून स्क्रीनशॉट जोडा. पाठवण्याआधी त्यातले ग्राहकाचे पार्ट नंबर आणि दर झाका.