सिरफिड माशी आणि तांबडा भुंगेरा: वेलावर राखायचे कोणाला?

हुडकेश्वर परिसरात काकडी, दोडका किंवा भोपळा लावला असेल, तर फवारणीआधी पान उलटून पाहा. माव्याच्या घोळक्यात बिनपायांची, हिरवट, तोंडाकडे निमुळती अळी दिसली तर ती बहुधा सिरफिड माशीची. ही मित्रकीड शेकडो मावा फस्त करते, आणि नेमकी तिलाच पाने खाणारी अळी समजून औषध मारले जाते. प्रौढ माशी फुलापुढे हवेत एकाच जागी तरंगते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, गांधीलमाशीसारखे, पण ती डंख करत नाही.

तांबडा भुंगेरा नारिंगी-लाल, कठीण पंखांचा. रोपे कोवळी असतानाच तो पानांची चाळणी करतो. त्याच्या अळ्या जमिनीत मुळे खातात. भल्या सकाळी सुस्त असतो, तेव्हा वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. वेल काढल्यावर लगेच खोल नांगरट करा.